शंभर रुपयांची कपात

यशया पाटोळे मास्तर मोरदऱ्याच्या शाळेत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक सायकल, एक पितळी हातघंटा आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी भरलेली पत्र्याची पेटी होती. त्यांच्या पत्नी साराबाई दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. मी शाळेचा मुख्याध्यापक. शाळा दोन शिक्षकांची, तेव्हा मुख्याध्यापक म्हणजे उरलेल्या एकाचा साहेब. माझं वय बत्तीस, त्यांचं पन्नाशीच्या पुढे. मी इंटरपर्यंत शिकलेला, ते नुसते फायनल पास, म्हणजे सातवी. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा मला या गोष्टींची फार मिजास होती आणि पुढचं सगळं त्या मिजाशीतूनच झालं.

गावात मला ‘गुरुजी’ म्हणत आणि त्यांना ‘मास्तर’. पण अर्ज लिहायचा असला, मनीऑर्डर अडकली, सातबाऱ्यावरचं नाव चुकलं, की माणसं माझ्या दारावरून चालत त्यांच्या दाराशी जात. मास्तर ओट्यावर बसून सगळं ऐकून घेत, दोनदा विचारत आणि मगच दौतीत टाक बुडवत. मी खिडकीतून बघायचो. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा कितीतरी सुंदर होतं, आणि हे गावातल्या कुणालाच कसं दिसत नाही याचा मला राग यायचा.

डोंगराच्या पलीकडे लष्कराचं तोफांच्या सरावाचं मैदान होतं. सगळे त्याला रेंज म्हणत. सराव असला की आदल्या दिवशी चावडीवर कागद यायचा, कोतवाल हलगी वाजवून दवंडी द्यायचा आणि सकाळी टेकडीवर लाल निशाण चढायचं. गावातून ते निशाण चांगलं दिसे. पण आमची खालची वस्ती ओढ्यापलीकडे, डोंगराच्या कुशीला. तिथून निशाण दिसत नाही आणि कोतवाल काही तिथवर पाय मोडत जात नसे. वस्तीवर वीस-पंचवीस घरं. शेरडं पाळणारी माणसं. रेंजमधलं गवत कुणी कापत नाही म्हणून ते गुडघाभर वाढतं, आणि त्या गवतासाठी डोंगर ओलांडायची त्यांची आजा-पणजापासूनची सवय.

मास्तरांना हे कळल्यापासून सरावाच्या दिवशी ते उजाडताच सायकल काढत. हँडलला घंटा अडकवलेली असे. ओढ्याच्या काठावर उभं राहून ते ती बराच वेळ वाजवत. वस्तीवरची गोजरबाई, एकटी म्हातारी, पाच शेरडांची मालकीण, तिथून ओरडायची, “आलं ध्यानात, मास्तर! आज डोंगूर बंद!” मग मास्तर परत येऊन, पायजम्याचा चिखल झटकून, प्रार्थनेला वेळेवर हजर.

मी एकदा म्हटलं, “मास्तर, हे काय शाळेचं काम आहे का?”

“नाही गुरुजी,” ते म्हणाले. “आणि एका माणसाचंही नाही. माणूस आजारी पडतो, माणसाची बदली होते. तिथं भोंगा पाहिजे. भोंग्याची बदली होत नाही.”

भोंग्यासाठी त्यांनी नगरला तीन खेपा घातल्या. तिथल्या लष्करी साहेबाने चहा दिला, ऐकून घेतलं आणि सांगितलं की मागणी रास्त आहे पण तरतूद नाही. दुसरा कुणी असता तर हात हलवत परत आला असता. मास्तर येताना नगरच्या वाचनालयातून लोकसभेच्या कामकाजावरचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. म्हणाले, “तरतूद नाही म्हणतात. मग तरतूद करतं कोण, ते तर बघू.”

ते पुस्तक त्यांनी महिनाभर वाचलं आणि मग चौथीच्या वर्गात लोकसभा भरवली. मी शेजारच्या वर्गातून, मधल्या तट्ट्याच्या फटीतून ती बघितली. मास्तर स्वतः मंत्री झाले. फळ्यापुढे हात जोडून म्हणाले, “सभासदहो, वर्षभरासाठी शाळेला साठ खडू पाहिजेत. आपण मंजूर केल्याशिवाय मला एकही खडू घेता येत नाही.” मग त्यांनी पोरांना युक्ती सांगितली. सभासदाला काही गाऱ्हाणं मांडायचं असेल तर त्याने म्हणायचं, या मागणीत एक खडू कमी करा, कारण अमुक. त्याला म्हणायचं कपात सूचना. छबू नावाची मुलगी उभी राहिली. “येक खडू कमी करा. कारन पान्याच्या माठाला झाकन न्हाई, त्यात पाली पडत्यात.” वर्ग हसला. मंत्रिमहाशयांना उत्तर द्यावं लागलं: झाकण सोमवारी येईल. मग मतं घेतली. कपात पडली, साठच्या साठ खडू मंजूर झाले. आणि सोमवारी माठावर झाकण आलं.

“बघा,” मास्तर पोरांना म्हणाले, “कपात पडायचीच असते. खडू कुणाला कमी करायचाच नसतो. उत्तर मिळवायचं असतं. दिल्लीत खडूच्या जागी शंभर रुपये म्हणतात, एवढाच फरक.”

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. चौथीतल्या छबूला ठाऊक होतं आणि मलाही होतं.

मास्तरांनी विरोधी पक्षाच्या एका खासदारांना पत्र लिहिलं. ते आमच्या जिल्ह्याचे नव्हते, पण त्यांचं एक भाषण मास्तरांच्या पेटीत कात्रण होऊन पडलेलं होतं. मार्च-एप्रिलात लोकसभेत एकेका मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या चर्चेला येतात. संरक्षणाच्या मागणीला आमच्या भोंग्याची शंभर रुपयांची कपात सूचना द्यावी, अशी विनंती होती. खासदारांचं कार्ड आलं की बघतो. मास्तर ते कार्ड खिशात घालून आठ दिवस हिंडले.

हे सगळं झालं बहात्तर सालच्या सुरुवातीला. त्याआधी डिसेंबरात लढाई झाली होती. आमच्या गावातले अकरा जण लष्करात होते, त्यातले दहा परत आले. सहादेवबापूंचा बन्सी आला नाही. बापू म्हणजे गावातलं वजनदार माणूस. तार आली तेव्हा ते बांधावर उभे होते, आणि तिथेच खाली बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. त्यानंतर गावात कुणी मोठ्याने हसलं तरी दुसरा त्याला गप्प करायचा.

मार्चच्या शेवटी दिल्लीहून लांबट पाकीट आलं. वर मास्तरांचं नाव, खाली शाळेचा पत्ता. मास्तर त्या दिवशी साराबाईंच्या बहिणीकडे तिसगावला गेलेले. शाळेच्या पत्त्यावरचं टपाल मुख्याध्यापकाने फोडायचं असतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि फोडलं. आत खासदारांचं मराठी पत्र होतं आणि कपात सूचनांची छापील यादी. यादीत निळ्या शाईने एका ओळीखाली रेघ मारलेली. मोरदरा. आमच्या गावाचं नाव दिल्लीत छापलं गेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगायला आज लाज वाटते. मला वाटलं, उद्या सगळं गाव ह्या फायनल पास माणसाला खांद्यावर घेणार.

संध्याकाळी मी ते पत्र चावडीवर नेलं. दहा-पंधरा माणसं बसली होती, बापू मधोमध. मी वाचायला लागलो: “आपल्या विनंतीवरून मी अशी सूचना दिली आहे की, संरक्षण मंत्रालयाच्या मागणीत शंभर रुपयांची कपात करण्यात यावी...”

“थांबा,” बापू म्हणाले. “काय म्हनला? कुनाचं पैसं कापायचं?”

“संरक्षण मंत्रालयाचे.”

“म्हंजी लष्कराचं?”

“हो.”

बापू उठून उभे राहिले. “माझं पोरगं त्या लष्करात ग्येलं, गुरुजी. अजून वरीस न्हाई झालं. आन ह्यो मास्तर, आपल्या गावाचं अन्न खाऊन, लष्कराचं पैसं कापाया निगाला?”

पुढची ओळ माझ्या बोटाखाली होती. ‘कारण मोरदरा येथील खालच्या वस्तीस सरावाचा इशारा देण्यासाठी भोंगा नाही.’ एवढं वाचायला किती वेळ लागतो? आणि त्यानंतर छबूचा खडू सांगितला असता तर चावडी हसली असती, बापूही कदाचित खाली बसले असते. मी पत्राची घडी घातली. कुणीतरी मास्तरांच्या ख्रिस्ती धर्मावर घसरलं. तेव्हाही मी गप्प.

बापू म्हणाले, “त्या खासदाराला लिवा. गावाला ह्ये मंजूर न्हाई म्हनावं. तुमीच लिवा गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाव माझ्याकडे अर्ज लिहायला आलं होतं. मी लिहिला. त्या रात्रीच बसून, चांगल्या कागदावर, ओळीन् ओळ सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी शाईची गादी घेऊन अंगठे घेत घरोघर फिरलो, खालच्या वस्तीपर्यंत. गोजरबाई शेण कालवत होती. तिने लुगड्याला हात पुसला आणि विचारलं, “काय लिवलंय ह्यात, गुरुजी?”

“आपल्या लष्करातल्या पोरांसाठी आहे,” मी म्हणालो.

“मंग घ्या की. लई ग्वाड पोरगं हुतं बन्सी.” तिचा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला. तो कोरडा आणि भेगाळलेला होता, नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा टेकवावा लागला.

मास्तर तिसगावहून परतले तेव्हा अर्ज टपालात पडला होता. गावात कुणी त्यांच्याशी बोलेना. गावाने विरोधाचा अर्ज धाडला एवढं त्यांना हळूहळू कळलं, तो कुणी लिहिला ते कळलं नाही असं मी धरून चाललो, आणि ते तडक बापूंच्या घरी गेले. अर्ध्या तासाने परत आले. मी विचारलं, समजावलं का?

“भिंतीवर पोराचा फोटो आहे. फोटोखाली त्याची आई बसलेली,” मास्तर म्हणाले. “त्या घरात शंभर रुपयांचं काय बोलू, गुरुजी? नुसता बसून आलो.”

पंधरा दिवसांनी त्यांना खासदारांचं पाकीट आलं. ते त्यांनी माझ्यापुढेच फोडलं. पत्र छोटंसं होतं, त्यांनी वाचूनच दाखवलं: ‘खुद्द गावाचाच विरोध असल्याने सूचना मांडली नाही.’ सोबत आणखी एक कागद होता, तो त्यांनी बघितला, पुन्हा बघितला आणि पाकिटात परत ठेवला. काय होता ते बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात चावडीवरच्या रेडिओने सांगितलं की संरक्षणाच्या मागण्या मंजूर झाल्या. माणसांनी माना डोलावल्या. आपण वाचवलेले शंभर रुपये लष्कराला पोचले, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं.

जूनमध्ये मास्तरांची मिरजगावला बदली झाली. मिरजगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बापूंनी वर शब्द टाकला होता हे उघड होतं. निघताना मास्तर शाळेत आले, घंटा माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “ही तुमच्याकडे राहू द्या. रेंजचा कागद आला की सकाळी एक चक्कर टाका. ओढ्यापाशी उभं राहिलं की पुरतं. गोजरबाईने ओ दिल्याशिवाय मात्र फिरू नका.”

“निर्धास्त जा,” मी म्हणालो. “सलाम, गुरुजी,” म्हणून ते एसटीत चढले. साराबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी जात होतो. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. पावसाळाभर गेलो. पण पावसाळा नावालाच होता. बहात्तरचा दुष्काळ कुणी विसरलेला नाही. शेतात काडी उरली नाही, विहिरींचे तळ दिसले, आणि रेंजमधलं वाळलेलं गवत तेवढं डोंगराआड उभं राहिलं. पूर्वी वस्तीवरची दोघं-चौघं डोंगर ओलांडायची, आता सगळीच जायला लागली.

जानेवारीत सलग तीन दिवस सराव होता. पहिल्या दोन दिवशी मी गेलो, घंटा वाजवली, गोजरबाईची ओ ऐकली. तिसऱ्या दिवशी शाळेत दुष्काळात मुलांना वाटायच्या सुकडीची पोती येणार होती आणि मोजून घ्यायला मीच पाहिजे होतो. टेम्पो सकाळी येणार म्हणून निरोप होता. मनात म्हटलं, दोन दिवस सांगितलंय, तिसरा दिवस त्यांना कळतोच. आणि त्या सकाळी मी घंटा नाही वाजवली तर त्यांना वाटेल सराव संपला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आपण ज्या गोष्टीची सवय लावतो, ती गोष्ट थांबली की माणूस काय समजतो, एवढंही मला कळलं नाही. आणि मी मुख्याध्यापक.

टेम्पो आला दुपारी दोनला.

गोजरबाईची शेरडं तीनच्या सुमाराला एकटीच वस्तीवर परतली. पाचापैकी तीन. संध्याकाळी लष्कराचेच जवान तिला घोंगडीत घालून घेऊन आले. त्यांच्यातला एक तरुण मुलगा टोपी काढून रडत होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं की टेकडीवर लाल निशाण होतं आणि दवंडी झाली होती. दोन्ही खरं होतं. पंच म्हणून मी सही केली. माझं अक्षर सुंदर आहे.

मास्तर मिरजगावहून तिसऱ्या दिवशी आले. खालच्या वस्तीवर जाऊन आले आणि मग शाळेत. घंटा टेबलावर होती. मला वाटलं, आता विचारतील. मी दोन रात्री उत्तर तयार करत होतो. त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाले, “दोन महिन्यांनी पुन्हा मागण्या येतील. दर वर्षी येतात. सरकारला दर वर्षी विचारावंच लागतं, त्याशिवाय एक पैसा खर्चता येत नाही, हे त्यातलं चांगलं आहे. मी मजकूर सांगतो.”

मी टाक त्यांच्यापुढे सरकवला.

“नाही,” मास्तर म्हणाले. “या वेळीही तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर दिल्लीत वाचतात.”

मला त्या पाकिटातला दुसरा कागद कोणता होता ते तेव्हा कळलं. खासदारांनी गावचा अर्जच पाठवून दिला होता. माझं अक्षर मास्तर रोज हजेरीपटावर बघत. म्हणजे एप्रिलपासून त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी जूनमध्ये घंटा माझ्या टेबलावर ठेवली होती.

“मास्तर,” मी म्हणालो, “त्या दिवशी सकाळी मी...”

“लिहा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला पुढे बोलायची परवानगी नव्हती. “ते ऐकायची माझी तयारी नाही, गुरुजी. अजून नाही. लिहा.”

मी लिहिलं. या वेळी मजकूर चावडीवर मास्तरांनी वाचून दाखवला, शेवटच्या शब्दापर्यंत. मग छबूला बोलावलं आणि तिने खडूची आणि झाकणाची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. सहादेवबापू खाली मान घालून ऐकत होते. “म्हंजी ते शंभर रुपय...” ते म्हणाले.

“कधीच कापले जात नाहीत, बापू.”

“आन गेल्या साली?”

“गेल्या सालीही नसते कापले.”

बापूंना सही येत होती. तरी त्यांनी गादी मागितली आणि अंगठा उठवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गुरुजी, तुमी तर शिकल्याली मानसं. तुमाला ठावं न्हवतं व्हय?” मी गादी पुढच्या माणसाकडे सरकवली.

एप्रिलात चर्चा झाली. खासदारांनी कळवलं की बोलायला त्यांना चार मिनिटं मिळाली, त्यात अर्धं मिनिट त्यांनी मोरदऱ्याला दिलं. शेवटी सगळ्या कपात सूचना एकदम मताला टाकल्या आणि सगळ्या पडल्या, रिवाजाप्रमाणे. पण मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं होतं. चौकशी होईल. चौकशी झाली. दिवाळीनंतर दोन जवान आणि एक मिस्त्री आले, टेकडीवर लोखंडी खांब रोवला आणि वर भोंगा बसवला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

मास्तरांना मी कार्ड टाकलं. त्यांचं उलट कार्ड आलं, दोनच ओळींचं. ‘गावात वाजतो हे कळले. खालच्या वस्तीवर ऐकू येतो का, ते स्वतः जाऊन ऐकून कळवावे.’

पुढचा सराव होता त्या सकाळी मी ओढा ओलांडून गेलो. घंटा बरोबर घेतली होती, कशाला ते माहीत नाही. गोजरबाईचं घर बंद होतं. तिच्या ओट्यावर बसलो. शेजारच्या घरातलं कुणीतरी पाणी घेऊन आलं, ते तसंच राहिलं. मग भोंगा वाजला. डोंगरावर आपटून तो परत आला आणि पुन्हा वाजला. वस्तीवरची माणसं बाहेर आली, शेरडं आत ओढायला लागली. माझ्या पाठीमागच्या दाराची कडी तशीच लागलेली होती.

तिथेच बसून मी कार्ड लिहिलं. पहिल्यांदा माझं अक्षर वाकडं आलं. लिहिलं, ‘येतो. बंद दारातूनही ऐकू येईल एवढा येतो. ओ देणारं कुणी नाही.’